शेजाऱ्याशी कागद नव्हता

रायपूरच्या कचेरीबाहेर अर्ज टाइप करणारा म्हातारा आता दिसत नाही. तिकडून जाताना माझी नजर अजून त्याच्या जागेकडे जाते.

शेजाऱ्याचा जुना सज्जा पडून माझा उजवा हात मोडला होता. भरपाई मागितली तर शेजारीच मला म्हणाला, "अम्मा, आपसे कोई एग्रीमेंट था क्या?"

माझं सगळं ऐकून म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, मिस्त्रीनं ठरल्यासारखं बांधलं नाही, तर करार मोडला. पण शेजाऱ्याचा हात मोडू नये, हे कोणी लिहून घेते काय? त्याचा कायदा येगळा."

त्यानं नोटीस टाइप केली. अंगठा घेतला नाही, डाव्या हातानं सही करायला लावली.

नोटीस मिळताच शेजारी हळदीचं दूध घेऊन आला. दूध मी प्यायले. नोटीस मागे घेतली नाही.