पाखरांच्या पोटावरचा शिक्का

खरा लिलाव व्हायचा तो कांताबाईच्या चहाच्या टपरीवर. हॉलमध्ये व्हायचा तो नुसता देखावा. चंद्रपुरातल्या जुन्या पुस्तकांच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त ज्याची पुस्तकं विकली जायची त्याला सोडून. हॉलमध्ये एकानंच बोली लावायची, बाकीच्यांनी पंख्याकडे बघत बसायचं. दुर्मिळ पुस्तक मातीमोल भावात हाती आलं, की सगळ्यांनी टपरीवर जमायचं, तिथं आपसात नव्यानं बोली लावायची आणि वर चढलेले पैसे वाटून घ्यायचे. ज्याला पुस्तक मिळालं, त्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा. याचं नाव चहाची बोली. आणि वर तोंडं अशी करायची, की आम्ही बापडे रद्दीवाले, आम्हाले काय कळते पुस्तकातलं!

या चहाला कमरजहाँ बसत आली होती, नवरा गेल्यापासून. नवरा म्हणजे बाबूभाई, जिल्दसाज. पानं सुटलेलं, वाळवीनं खाल्लेलं पुस्तक त्यांच्याकडे टाकावं आणि नवरदेवासारखं सजलेलं घरी न्यावं. ते गेले, तेव्हा धंदेवाल्यांनी त्यांच्या बायकोला टपरीवर जागा दिली. ‘भाभी, बसा’ म्हणून बाक पुसून दिला. वाटाही चोख दिला, खोटं कशाला बोला. कमरजहाँ तशी तोंडाची फटकळ, दुकानात घासाघीस करणाऱ्याची बिनपाण्यानं करायची, पण चहाच्या वेळी गुमान राहायची. त्या वाट्यावर घर चालत होतं.

मग मागच्या उन्हाळ्यात ती ऊर्जानगरला एका साहेबाच्या क्वार्टरमध्ये रद्दी घ्यायला गेली. तिथं सोफ्याच्या वर भिंतीवर हळद्या पक्षी बसलेला. हातानं रंगवलेला, पिवळाधम्मक, चौकटीत. चौकट स्वस्तातली होती, पानाची कड काचेतून उघडी दिसत होती. त्या कडेला सुईची भोकं. ती भोकं तिच्या ओळखीची होती. चांद्याच्या रानातल्या पाखरांचं ते जुनं, जाडजूड पुस्तक बाबूभाईंनी कोणा गिऱ्हाइकासाठी एका हिवाळ्यात पान-पान करून शिवलं होतं. शेगडीजवळ बसून दोऱ्याला मेण तीच लावून द्यायची.

“नागपूरहून आणलं,” साहेबाची बायको कौतुकानं म्हणाली. “ओरिजिनल आहे हं. पुस्तकातून कापून काढतात.”

“आन् बाकीचं पुस्तक?”

“बाकीच्याचं काय करायचं?”

कमरजहाँ रद्दी तिथंच टाकून जिना उतरली. पुस्तक कोणी कापलं ते तिला विचारावं लागलं नाही. चहाच्या बोलीत ते धंद्यातल्याच प्रफुलनं घेतलं होतं, आणि त्या दिवसाचा वाटा तिनं पदरात बांधून नेला होता. प्रफुलचा तिला राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. घरी येऊन तिनं भांडी अशी आपटली, की शेजारीण विचारायला आली.

आणि नशीब पाहा. या दिवाळीनंतर जटपुऱ्याकडचं एक जुनं वाचनालय बंद पडलं, त्याची पुस्तकं लिलावात निघाली, आणि त्यात तेच पुस्तक! दुसरी प्रत, सगळ्या चित्रांसकट. आजूबाजूच्या दोन-चार जिल्ह्यांत तिसरी असल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. दुकानाचं शटर गंजून पार गळलं होतं, नव्या शटरसाठी कमरजहाँनं चाळीस हजार जमवले होते. ते तिनं पर्समध्ये घातले. पर्समध्ये शिक्का आणि शाईचं पॅड होतंच, लिलावाच्या पावतीवर दुकानाचा शिक्का लागायचा म्हणून.

लिलाव पुकारायला वाचनालयाचे म्हातारे कार्यवाह देवराव उभे होते. सकाळपासून एकेका बोलीत पुस्तकं जात होती आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. पाखरांचं पुस्तक टेबलावर आलं. प्रफुल पायावर पाय टाकून म्हणाला, “पाच हजार.” बाकीचे पंख्याकडे बघायला लागले.

“पाच हजार एक वार...”

“दहा,” कमरजहाँनं हात वर केला.

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. प्रफुल हसला. “भाभी, हात चुकून वर गेला वाटते.”

“चुकून नाई गेला, भाऊ. माझा खांदा धड आहे.”

“काऊन करून राह्यल्या असं? टपरीवर बोलू ना आपण.”

“जे बोलाचं ते इथी बोल. देवरावभाऊंच्या समोर.”

देवरावांना यातलं काही कळलं नाही, पण आपल्या पुस्तकासाठी कोणीतरी भांडतंय एवढं कळलं आणि त्यांचा आवाज चढला. प्रफुल वीस म्हणाला, ती पंचवीस म्हणाली. तो तीस, ती पस्तीस. त्यानं दात खाऊन छत्तीस म्हटलं.

“चाळीस.” यापुढं बोली लावायला तिच्याकडे दमडी नव्हती, आणि प्रफुलनं नुसतं तोंड उघडलं असतं तर खेळ खलास होता. पण तो आरामात मागं टेकला. “घेऊ द्या भाभीले,” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “घंट्याभरात मलेच विकते पाहा.”

देवरावांनी ‘तीन वार’ म्हटलं. तिनं पैसे मोजून दिले, पावतीवर शिक्का मारला, पुस्तक छातीशी धरलं आणि सरळ टपरीवर गेली. पळून जायला तिनं चोरी थोडीच केली होती!

सगळे तिथंच होते. बाक या वेळी कोणी पुसला नाही.

“पन्नास देतो,” प्रफुल बसता बसता म्हणाला. “तुमचं शटर होते, वर दहा सुटते. नाई म्हणाल तर पुढच्या लिलावात तुमच्यासाठी इथी जागा नाई. मंग रद्दीच तोलत बसा.”

“घेऊन काय करशीन?”

“काय म्हणजे? कापीन. पूजा करू का त्याची?”

तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. पुस्तक घरात ठेवून तिचं पोट भरणार नव्हतं. आज नाही तर उद्या ते विकावं लागणार, आणि घेणारा ब्लेड घेऊनच येणार. प्रफुल नाही तर नागपूरचा कोणी. मग तिनं बाकावर पुस्तक उघडलं आणि पर्समधून शिक्का आणि पॅड काढलं.

पहिलंच चित्र नीळकंठाचं. पंख असे निळे, की बघत राहावं. बाबूभाईंनी कधी कोणाच्या पुस्तकात पेन्सिलची रेघ ओढली नव्हती. तिच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. कोपऱ्यात मारावा, असं क्षणभर वाटलं. पण कोपऱ्यातला शिक्का चौकटीच्या पट्टीखाली दडला असता आणि कापणाऱ्याचं काम भागलं असतं. तिनं तो पाखराच्या पोटावर मारला, दाबून. ‘बाबूभाई जिल्दसाज, चंद्रपूर.’ जांभळा, ठसठशीत.

“अवो! पागल झाल्या का भाभी?” प्रफुल उठला, त्याचा चहा सांडला. “सत्यानाश! सत्यानाश केला!”

“हात नको लावू. पावती माझ्या नावची आहे.”

पान उलटलं, शिक्का. सुतारपक्षी, शिक्का. हळद्या आला तेव्हा ती थांबली, पदरानं नाक पुसलं आणि त्याच्यावरही मारला. बाकीचे धंदेवाले मयताला आल्यासारखे उभे होते. शेवटच्या चित्रावरही तिनं शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत ती एकेक पान फुंकत बसली.

“आता याले कोण घेईल?” प्रफुल म्हणाला. त्याचा आवाज खरंच रडवेला झाला होता. “सांगा ना, कोणता माणूस घेईल?”

“ज्याले वाचाचं आहे तो घेईल. नाई आला तर वाट पाहीन.”

“आन् शटर?”

“दाराले फळ्या ठोकीन.”

तिनं पुस्तक पदरात गुंडाळलं आणि कनवटीला बसभाड्यापुरती ठेवलेली नोट काढून कांताबाईपुढं ठेवली.

“कांताबाई, सगळ्यांच्या चहाचे घे. पुस्तक आज मले मिळालं.”

आणि ती पायीच घरी निघाली.