माशाचं डोहाळजेवण

नववीत शाळा सोडून मी लांबून खोडदला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला आलो. घरमालकीण मावशींनी मला खोली दिली, माझ्या माशांच्या काचेच्या टाकीलाही जागा दिली. ते उपकार आहेतच. नदीतले सपाट दगड टाकीत कितीदा मांडून पाहिले, तेव्हा कुठे आफ्रिकन सिक्लिड जातीच्या माशाच्या मादीने पहिल्यांदा अंडी घालून तोंडात धरली. पिल्लं सुटेपर्यंत ती काही खात नाही, आणि बिथरली तर अंडी गिळून टाकते. म्हणून मी टाकीसमोरून चपला काढून जायचो.

मावशींनी डोहाळजेवण म्हणून पुरणपोळीचा तुकडा पाण्यात सोडला.

"मावशी, तिच्या तोंडात अंडी आहेत!"

"म्हंजी बोलणं बंद? आमच्या ह्यांना असलीच बायको पायजे व्हती."

गढूळ पाणी मी जीव मुठीत धरून बदललं. तिने अंडी गिळली नाहीत. पुढे एका सकाळी तोंड उघडलं आणि तांदळाएवढी पिल्लं बाहेर पडली.

मावशींनी सगळ्यात आधी विचारलं, "आता तरी जेवंल ना ती?"