क्लच सुटला त्या दुपारी

ह्या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि वाचताना दर वेळी मनातल्या मनात लिहिणाऱ्याची चूक शोधत असते... खिडकी उघडी राहिली असेल, डोळा लागला असेल. सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत झाली. प्रत्येक गोष्टीची एक जागा असते आणि ती शोधली की सापडते, असा माझा समज. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

आम्ही धारचे. मुंज तलावामागच्या गल्लीत घर, आणि घराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये सासऱ्यांची जुनी गाडी — गोल दिव्यांची, स्टीअरिंगजवळच गिअरचा दांडा असलेली. माझे यजमान फिजिक्स शिकवायचे. हिवाळाभर आम्ही त्या गाडीतून नालछ्यावरून मांडूला जायचो. आषाढ लागला की ती आश्विनापर्यंत शेडमध्ये उभी. आणि दर वर्षी तळ्याच्या ओलीनं तिचा क्लच चिकटायचा. म्हणजे आतली प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला धरून बसायची. पेडल दाबलं तरी सुटायची नाही, गिअर पडायचा नाही.

आमचे मिस्त्री शकूर भिया म्हणायचे, पेडल दाबून लाकूड अडकवा आणि खुशाल आठ दिवस विसरून जा. ह्यांना ते पटायचं नाही.

"लाकडाला कळत नाही कधी सुटला ते," हे म्हणायचे. "पायाला कळतं."

मग हे स्वतः पेडलवर पाय दाबून बसायचे — दोन तास, कधी तीन — आणि मी शेजारच्या सीटवर बसून मोठ्यानं वाचायची. लायब्ररीतून बाद झालेलं एक जाडजूड प्रवासवर्णन होतं. ते गाडीच्या कप्प्यातच राहायचं. घरात वाचायचं नाही, हा नियम. वाचता वाचता खालून 'टक्' असा आवाज यायचा. मी थांबले की हे म्हणायचे, "पान पुरं कर." पान पुरं होईपर्यंत पाय उचलायचे नाहीत. मग खूण घालून पुस्तक बंद, ते थेट पुढच्या वर्षी.

हे श्रावणात गेले.

धाकटे दीर देवासला, टेकडीच्या पायथ्याशी राहतात. आश्विनात ते आले तेव्हा गाडीचा विषय निघाला. मला गाडी चालवता येत नाही. चालू झाली तर ते घेऊन जाणार, रोज वापरणार. नाही झाली तर ठेवून काय करायचं... भंगार हा शब्द त्यांना लवकर उच्चारवेना, तो शेवटी मीच उच्चारला.

शकूर भियांनी पेडल दाबून सीटच्या आधारानं लाकूड अडकवलं. आठ दिवस झाले, काही नाही. नवव्या दिवशी ते लाकूड काढून घेऊन गेले. जाताना दारात थांबले. "अब तो पूरा खोलना पड़ेगा, भाभीजी. और इसकी प्लेट अब कहीं मिलती नहीं. सर होते तो बैठके मना लेते इसको."

भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास कप्प्यातल्या वस्तू काढायला मी शेडमध्ये गेले. ह्यांचा जुना चष्मा, एक फडकं, आणि पुस्तक. खूण होती तिथे उघडलं आणि माझ्या नेहमीच्या जागी बसले. निरोपाचं एक पान वाचावं, एवढाच विचार होता. कित्येक दिवसांत कोणाशी फारसं बोलले नव्हते, त्यामुळे सुरुवातीला आवाज फुटेना. मग लागला. एकाची किती पानं झाली ते कळलं नाही. पत्रा तापून मधूनच वाजत होता. तो आवाज मी ओळखते.

हा तो नव्हता. हा खालून आला. टक्.

मी वळून पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती आणि क्लचचं पेडल खाली, थेट तळाला टेकलेलं होतं. लाकूड नव्हतं, काहीच नव्हतं.

मला भीती वाटली नाही, हे नोंदवून ठेवते. पान अर्धं राहिलं होतं. मी पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं आणि ते पुरं केलं. खरं सांगायचं तर मुद्दाम सावकाश वाचलं. इतकं सावकाश मी आयुष्यात कधी वाचलेलं नाही. शेवटची ओळ संपली, आणि पेडल वर आलं. स्प्रिंग सुटल्यासारखं नव्हे... पाय उचलत नेल्यासारखं.

सोमवारी सकाळी गाडी बाहेर ढकलायला शकूर भिया आले. मी म्हटलं, एकदा चालू करून बघा. त्यांनी केली. पहिला गिअर पडला, मग रिव्हर्स, मग पुन्हा पहिला. इंजिन बंद करून त्यांनी वाकून पेडलखाली पाहिलं.

"किसने दबाया, भाभीजी?"

"किसी ने नहीं."

"लकड़ी तो मेरे पास है," ते म्हणाले. भंगारवाल्याला त्यांनीच परत पाठवलं.

हे असते तर त्यांनी उत्तर दिलं असतं. आठ दिवसांच्या ताणानं प्लेट सैल झाली, ऑक्टोबरच्या उन्हात लोखंड प्रसरण पावलं, सुटली. तेवढं मलाही पटतं. पण पेडल खाली कसं गेलं, आणि पान संपेपर्यंत खाली का राहिलं, ह्याची जागा मला अजून सापडलेली नाही.

गाडी देवासला आहे. पुस्तक मी पुन्हा कप्प्यातच ठेवलं होतं, ते दिरांनी आणून दिलं. त्यातली शेवटची एकतीस पानं राहिली आहेत. घरात ती मी उघडत नाही. पावसाळा सरला की मात्र फोन करते आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारते, "भाऊजी, क्लच चिकटला का हो?"

"छे वहिनी," ते आनंदानं सांगतात, "रोज चालते ना. एकदम मक्खन."

बरं झालं, असं मी म्हणते.