प्रोसेसरवरचा आकडा

ओल्या हळदीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला, सांगलीतल्या आमच्या घरचा पहिला संगणक आठवतो. माझ्या प्रबंधाची गणिते त्यावर सकाळी सुरळीत चालत आणि दुपारी हमखास अडकत. प्रबंध सादर करायला तर आठच दिवस उरले होते. विक्रेता म्हणाला, "आवं ताई, ऊन लय हाय, मशिनला बी लागतंय." मला ते पटेना, कारण त्याच उन्हात मैत्रिणीचा संगणक बिनतक्रार चालत होता. हळदीचा व्यापार करणारे वडील हसले, "वरचं पॉलिश काय बघतीस पोरी? हळकुंड मोडल्याबिगर आतला रंग कळत न्हाई." मी कॅबिनेट उघडले, पंखा काढला आणि प्रोसेसरवर छापलेला २०० हा वेगाचा आकडा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, खालून १६६ निघाला. कमी वेगाची चिप आम्हाला न सांगता जास्त वेगाने पळवली जात होती, म्हणून ती तापत होती. मदरबोर्डवरचा, वेग ठरवणारा जंपर मी मूळ वेगाच्या जागी बसवला आणि प्रबंध वेळेत पूर्ण झाला. आता मी स्वतःच प्रोसेसरचा वेग वाढवते, एकेक पायरीने, तापमान पाहत. पण नवी चिप हातात आली की आधी तिच्यावरचा आकडा बोळ्याने पुसून पाहते.