मुकादमाचा रोजा

आमचा मुकादम दर पाच मिनिटांनी थुंकायचा. तंबाखूचं नव्हे, कोरडंच. रमजानात थुंकी गिळली तरी रोजा मोडतो, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. थुंकून झालं की चारी बाजूंना बघायचा आणि म्हणायचा, "आमना बी रोजा शे बरं!" तुमच्याही कामावर असा एखादा नमुना असेल, आठवून बघा.

नंदुरबारच्या बाहेर आमची मिरचीची पथारी. उघड्या माळावर लाल मिरची वाळत पडलेली आणि बायका रांगेत बसून देठं खुडायच्या. मी काट्यावर त्यांच्या पाट्या तोलायचो. त्यातल्या सात-आठ जणी मुसलमान मोहल्ल्यातल्या. मिरचीचा खकाणा घशात गेला की आम्ही तांब्याभर पाणी प्यायचो. रमजानात त्या नुसती ओढणी तोंडावर धरून खोकायच्या.

दरवर्षी त्या महिन्यात त्या सकाळी तासभर लवकर यायच्या, जेवणाची सुट्टी घ्यायच्या नाहीत आणि सूर्य मावळायच्या आत घरी जायच्या. पण त्या वर्षी या गृहस्थाच्या अंगात आलं. शेठला सर्वधर्मसमभावाची भारी हौस, म्हणून याने महिनाभराचे रोजे जाहीर केले! शेठने त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. पहिल्याच दिवशी हा एकादशीसारखी साबुदाण्याची खिचडी घेऊन हजर. जुबेदाआपा, म्हणजे त्या बायकांतली सगळ्यांत वयस्क, तिने डबा पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, पानी बी चालत नही." त्याचं तोंड असं उतरलं की मला दिवसभर हसायला पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी पोत्यांच्या थप्पीमागे जायला लागला. तिथे चहा, कधी भजी. बाहेर येताना मिशा पुसायचा आणि लगेच थुंकायचा. ढोंगी मी पुष्कळ पाहिले, पण ढोंगासाठी एवढे कष्ट घेणारा हा एकच.

एवढ्यावर थांबला असता तर मीही सोडून दिलं असतं. पण लेकाच्याने बायकांचं लवकर जाणंच बंद केलं. "मी बी रोजेदार शे. मी घर जाई ऱ्हायनू का?" त्या पथारीवरच रोजा सोडायला लागल्या. मिरचीचे हात कितीही धुवा, धरलेला खजूर जिभेला झोंबतोच. त्याच्यासाठी मात्र आपा डब्यात चमचा आणायची. रोजेदाराला खाऊ घातलं की सवाब, म्हणजे पुण्य मिळतं, म्हणून पहिला खजूर त्याला, तोही चमच्याने. आणि हा निर्लज्ज डोळे मिटून खायचा!

मग आपाच्या नातीचा पहिला रोजा आला. आठ वर्षांची पोर. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, आणि संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसाने भरवायचा पहिला खजूर. घरात मोठं माणूस म्हणजे आपाच. ती दुपारी मुकादमासमोर उभी राहिली.

"भाऊ, आजना दिन जाऊ द्या. मी नही तं तिले खजूर कोन दी?"

तो थुंकला. "मन्हा बी पहिलाच महिना शे. माले कोन हार घाली ऱ्हायनं?" वर स्वतःच हसला.

आपाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीला भज्याचा चुरा लागलेला होता. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी त्याची बोलती बंद झाली असती. मी काट्यावरची धूळ पुसत बसलो.

मावळतीला गावाकडून अजान ऐकू आली. आपाने डबा उघडला आणि नेहमीसारखा पहिला खजूर चमच्याने त्याला दिला. "ल्या भाऊ." त्याने खाल्ला. मग ती काट्यापाशी आली. चमचा तिने मागेच ठेवला होता. मिरचीच्या बोटांत धरलेला खजूर तिने माझ्यापुढे केला.

"तुम्ही बी ल्या. थप्पीमांगे बशीमाना च्या तं तुमनाच ऱ्हास ना?"

खरं होतं. एक चहा, दोघांत. कपातला त्याचा, बशीतला माझा. मी खजूर घेतला आणि खाल्ला. तोंड पेटलं, पण पाणी मागायची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी मुकादम सुरतेकडे निघून गेला. बायका पुन्हा मावळतीच्या आत घरी जातात. मी अजूनही येईल त्याच्यापुढे त्याच्या नावाने खडे फोडतो. आपा सगळ्यांशी हसूनबोलून असते. फक्त काट्याकडे येत नाही. तिची पाटी दुसरीच बाई आणून ठेवते.