वीतभर माणसाचा शर्ट

“त्येचो शर्ट काढ,” भाटकार म्हणाले.

तो म्हणजे मातीचा माणूस. वीतभर उंचीचा. माडाच्या बुंध्याला बिलगलेला पाडेली, नारळ पाडणारा. चार दिवस भाटकारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, पडवीत मांडी घालून मी तो केला होता. मी, पन्नाशीचा प्राथमिक शिक्षक, भर मे महिन्यात त्यांच्या नातवाचा सुट्टीतला गृहपाठ करत होतो. नातू म्हापशाच्या इंग्रजी शाळेत. विषय : गोव्यातले पारंपरिक व्यवसाय. तो आत मोबाईलवर खेळत होता. मार्क त्याला, डिंक माझ्या बोटांना.

शिक्षक सुट्टीत काय करतात, असं लोक विचारतात ना? हे करतात.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेला दोन मुलं कमी पडत होती. मिळाली नाहीत तर जूनमध्ये कुलूप. म्हणून सुट्टी लागल्यापासून छत्री आणि प्रवेशअर्ज घेऊन मी दारोदार फिरत होतो. गावची कुत्री मला ओळखायला लागली. माणसं ओळख विसरायला लागली.

भाटकारांच्या घरामागच्या खोलीत त्यांचा टेंपो चालवणारा सावंतवाडीकडचा ड्रायव्हर राहतो. त्याची दोन मुलं शाळेच्या वयाची. भाटकार म्हणाले, “पोरां देतंय तुका. पण माजा एक काम कर.” जशी काय दोन शहाळीच देत होते. आणि मी म्हणालो, “उपकार झाले.” ते शब्द आठवले की थुंकावंसं वाटतं.

घरी बायको म्हणाली, “सुट्टी सरकारची, चाकरी भाटकाराची. बरं जमवलंत हो.” तरी त्या मातीच्या माणसाला शर्ट तिनेच शिवून दिला. माझ्या जुन्या शर्टाच्या बाहीचा. निळ्या चौकड्यांचा.

माझा बाप भाटकारांच्याच भाटात, माडांच्या बागेत, पाडेली होता. त्याचाही निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, एकच. भाटकारांच्या आंगणात पाय टाकण्याआधी तो शर्ट काढायचा, घडी करून माझ्या हातात द्यायचा आणि उघडा आत जायचा. मी बाहेर शर्ट धरून उभा. मला वाटायचं, बापाला उकडतं. एवढं शिकलो, मास्तर झालो, तरी बरीच वर्षं तसंच वाटून घेतलं. सोपं होतं ते.

“पाडेल्याक कसलो शर्ट?” भाटकार म्हणाले. “कमरेक नुसती काष्टी ठेव. तुझो बापूस ह्या आंगणात कधी शर्ट घालून इलो काय?”

हसले. बाहेर आलेला नातूही हसला.

आणि माझा हात गेला. निमूट. कॉलर धरली. कापड डिंकानं चिकटलेलं. ओढलं तशी मातीची मान हलली.

तिथे थांबलो. भाटकारांची किळस आलीच. त्याहून जास्त त्या हाताची आली.

“नाय काढूचो,” मी म्हणालो.

“काय म्हटलंस?”

“शर्ट माझ्या घरचो आसा. माणूसही माझ्याच घरचो. न्हेतंय.”

“मग पोरां विसर, मास्तरा.”

माड त्यांचा त्यांना ठेवला. पाडेली उपटला. त्याचा एक हात बुंध्यालाच राहिला. उरलेला खिशात घातला आणि आंगण ओलांडून घरामागे गेलो. ड्रायव्हरची बायको कपडे वाळत घालत होती. चार दिवस ती माझ्या डोळ्यांसमोरून ये-जा करत होती. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. पोरं तिची, आणि मी मागत होतो भाटकाराकडे!

आता विचारलं. तिनं आधी पडवीकडे पाहिलं.

“मास्तरांनू, खोली त्यांची आसा. माका इचार करूक व्हयो.”

“करा. मी उद्या येतंय.”

अर्ज अजून कोरा आहे. शाळा राहील की जाईल, ठाऊक नाही. भाटकार शिक्षण खात्यात कुणाला तरी फोन करतील, तेही होईल. पण उद्या जाणार. परवाही. विचारणार तिलाच. आणि जाणार ते आंगणातून. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावून.