बिनखटक्याचा चाकू

चाकू बाजारातला होता. पत्र्याची मूठ आणि तिच्यात घडी होणारं पातं. उघडल्यावर पातं अडकून राहावं म्हणून खटका असतो, तो त्याला नव्हता. पाठीमागची एक पट्टी पात्याला रेटून धरायची, तीही ढिली. कांदा चिरायला असा चाकू चालतो. माझ्या नवऱ्याला त्याच चाकूने संत्र्याचे डोळे बांधायचे होते.

डोळा बांधणं म्हणजे जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचं कलम करणं. रोपाच्या सालीला आडवा आणि उभा काप द्यायचा, साल दोन्हीकडून उचलायची, संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा आत सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने आवळून बांधायचा. काप एका ओढीत यावा लागतो. साल फाटली की डोळा काळा पडतो आणि रोप वाया जातं.

बाग लोहाऱ्याच्या बाजूला होती, आमच्या गावाहून पायी जाता येईल अशी. छप्पन्न साली आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर बैठक बसली आणि ठरलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही, सोलायचं नाही आणि त्या कामाचं हत्यारही घरात ठेवायचं नाही. सगळ्यांच्या आधी उभं राहून शब्द देणारा माझा नवराच होता. सुऱ्या नदीत गेल्या. गावातल्या कास्तकारांनी मग आम्हाला निंदणाला आणि कापूस वेचायला बोलावणं बंद केलं. ढोरं त्यांच्या बांधावर सडायची आणि राग आमच्यावर निघायचा. आम्ही कामासाठी दुसऱ्या गावांत फिरू लागलो. मला तेव्हा तान्ही मुलगी होती.

अशात ही बाग मिळाली. मालकाने डोळे बांधायला काही माणसं लावली आणि सांगितलं, ज्याच्या ओळीतले डोळे जास्त लागतील त्याला वर्षभर ठेवतो, विहिरीजवळची खोलीही देतो. ती खोली मला हवी होती. गावातल्या कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नव्हतं. नवरा काप द्यायचा, मी मागून सोपट बांधायची. बांधणं बायकांचं काम, काप पुरुषांचा, अशी तिथली रीत होती.

पहिल्याच दिवशी पात्याच्या टोकाने साल उचलताना जोर उलटा पडला आणि पातं त्याच्या बोटावर मिटलं. चिंधी बांधून तो पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी तेच बोट, तीच जागा. बाजूच्या ओळीतला माणूस म्हणाला, "काय गा, रोपाले कलम करून राह्यला का बोटाले?" सगळे हसले. नवराही हसला, पण त्याची ओळ मागे पडत होती.

संध्याकाळी मी चाकू मागून घेतला. माझ्या बापाकडे लाकूड तासायला वासला आणि किकरं होती, त्यामुळे हत्याराची भीती नव्हती. पातं हलत होतं ते मुठीला जोडणाऱ्या रिबिटीमुळे. ती दगडावर ठेवून ठोकली, तर इतकी आवळली की चाकू उघडेना. जवसाचं तेल सोडून उघडझाप करत बसले, मग तो बेताचा झाला. मूठ चिकाने निसटायची, तिच्यावर सुताची दोरी गुंडाळून वरून लाख वितळवली. खरा दोष साल पात्याच्या टोकाने उचलण्यात होता. तशी उचललीच नाही, म्हणजे पातं मिटायला कारण उरत नाही. मी बांबूची चपटी काडी घासून गुळगुळीत केली आणि मुठीच्या मागच्या टोकाला पक्की बसवली. काप पात्याने द्यायचा, चाकू उलटा करून साल काडीने उचलायची. टाकाऊ रोपांवर मी स्वतः काप देऊन पाहिला. बोट वाचलं.

पण पात्यात दम नव्हता. सकाळची धार थोड्या वेळात जायची आणि साल कापली जाण्याऐवजी ओरबाडली जायची. पोलादच कच्चं होतं.

हे मी चुलीपुढे सासूजवळ बोलले. ती उठली, रांजणाखालची माती उकरली आणि फडक्यात गुंडाळलेली सुरी माझ्यापुढे ठेवली. सासऱ्यांची सुरी होती, कातडं सोलायची. सगळ्या नदीत गेल्या तेव्हा ही तिने पुरून ठेवली होती. सासरे वारून बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, तुमच्या मुलाला माहीत आहे का? ती म्हणाली, विचारलं असतं तर सांगितलं असतं.

गावाबाहेर घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्यांच्याकडे नेऊन सुरीचं पातं कापून लहान करून घेतलं, एकाच बाजूने धार काढली, टोक गोल केलं आणि चाकूच्या मुठीत बसवून आणलं. जुनं पातं घिसाडणीने मोडीत ठेवून घेतलं. नवऱ्याला सांगितलं की घिसाड्याकडून पातं बदललं. ते खरंच होतं. त्याने एक काप देऊन पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. साल लोण्यासारखी उघडली होती. त्यानंतर त्याची ओळ पुढे गेली. मालक येऊन चाकू हातात घेऊन बघून गेला.

काम अर्ध्यावर आलं असताना नवऱ्याचे चुलते आमच्याकडे आले. नवरा अंगणात दगडावर पात्याला धार लावत होता. त्यांनी चाकू घेतला, पातं उजेडात धरलं आणि बुडाशी असलेल्या दोन खाचांवरून अंगठा फिरवला. माझ्या तेव्हा ध्यानात आलं की त्या खाचा घिसाड्याने घासून काढल्या नाहीत आणि मीही तसं सांगितलं नाही. ते म्हणाले, "हे तुह्या बापाचं हाये. आपली सुरी ओयखू यावं म्हणून त्यानं पाडल्या होत्या ह्या. म्या त्याच्याजोळ बसून सोलत होतो." चाकू त्यांनी दगडावर ठेवला आणि पाणीही न पिता निघून गेले.

नवऱ्याने मला विचारलं. मी सांगितलं. सासू आतून म्हणाली, "तिले काय इचारतं? म्या देल्लं."

"काहून देल्लं, माय?"

"लोखंड हाये ते. घासू घासू तुह्या बापाचे हात गेले त्याच्यावर. नदीत कायले टाकू?"

"म्या सगळ्यायपुढं उभा राहून शब्द देल्ला होता."

मी म्हणाले, "शब्द ढोर नाई सोलाचं, असा होता. तुमी तं संत्रा बांधून राह्यले."

"हत्यार ठेवाचं नाई, हेबी होतं त्याच्यात."

होतं. मला ते ठाऊक होतं. त्याने चाकू मिटवला आणि माझ्या पायाशी सरकवला. "शब्द म्या देल्ला. बायांले तं बैठकीत कोणं इचारलंच नाई. तूच बांध मंग." मला वाटलं रागाने बोलतो आहे, सकाळी बागेत येईल. सकाळी तो यवतमाळच्या वाटेला लागला आणि सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला बसला.

मी बागेत गेले. मालक म्हणाला, बाईने काप दिलेला त्याने कुठे पाहिला नाही. मी म्हणाले, लागले नाही तर हाकलून द्या. डोळे बांधायचे दिवस सरत आले होते आणि दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून त्याने बसू दिलं. सुरुवातीची काही रोपं माझ्या हातून फाटली. बाजूचा माणूस पुन्हा हसला. मग हात बसला. मुलगी झाडाखाली सासूजवळ असायची. ओळ मी पुरी केली.

डोळे फुटले तेव्हा आमच्या ओळीत सगळ्यांत जास्त लागलेले निघाले, त्याचे अर्धे आणि माझे अर्धे. मालकाने वर्षभराचं काम दिलं, पण बाईच्या मजुरीने. खोलीची किल्लीही हातात दिली. मी घरी येऊन सांगितलं. नवरा भाकर खात होता. तो म्हणाला, "तू जाय. पोरीले ने, मायले ने. त्या पात्यानं भेटलेल्या घरात म्या झोपत नाई."

सासू मला बाजूला घेऊन म्हणाली की याचा बापही असाच होता, तू जा, दोन दिवसांत मागे येईल. मी त्याला ओळखत होते. तो आला नसता. वस्तीतल्या चार माणसांनी त्याच्याच तोंडाकडे बघून ढोरांचं काम सोडलं होतं आणि उपाशी राहिली होती. मी दुसऱ्या दिवशी किल्ली परत केली. खोली त्या हसणाऱ्या माणसाला मिळाली.

काम मात्र मी सोडलं नाही. कितीतरी वर्षं पायी जाऊन त्या बागेत डोळे बांधले. नवऱ्याने गिट्टी फोडली. त्याच्या तळहातांना भेगा पडल्या आणि खोकला जडला, तो शेवटपर्यंत गेला नाही. खोली घेतली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. त्याला तसं कधी वाटलं नाही. या गोष्टीवरून आम्ही भांडलो नाही आणि आमचं पटलंही नाही. चाकू मी बागेतल्या कोठीत ठेवून यायची. तो घरात आणायचा नाही, एवढं त्याचं ऐकलं.